आमच्याकडे बेकार कोणी नाही

मागच्या सात दिवसांत तुम्ही काय केलंत? एवढं एकच वाक्य विचारून मी माझी नोकरी पूर्ण केली. सोमवारी काय केलं, मंगळवारी काय केलं, असं घरातल्या प्रत्येक माणसाचं. हाच प्रश्न सासूने विचारला तर घरात भांडण होतं, साहेबाने विचारला तर मेमो मिळतो. मी विचारायचे तेव्हा लोक चहा ठेवायचे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मी इतका चहा प्यायले आहे, की निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच बंद केला.

माझं काम होतं रोजगाराची पाहणी. कोण कामाला आहे, कोण बेकार आहे, बेकार आहे तर किती काळापासून, हे घरोघरी जाऊन विचारायचं आणि वर पाठवायचं. वर म्हणजे नेमकं कुठे, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तिथे सगळ्या जिल्ह्यांची माहिती एकत्र होते आणि राज्याचा एक आकडा तयार होतो. तो पेपरात आला की आमच्या शेजारचे काका मोठ्याने वाचून म्हणायचे, "हे आकडे काढतात कुठून? आमच्याकडे तर कधी कोणी आलं नाही." मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत ऐकत असायचे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी दचकायला नको. मी हेवेखोर बाई आहे. लहानपणी बहिणीच्या लांब केसांचा हेवा वाटायचा, आणि नोकरीत तर त्याला खतपाणीच मिळालं. जनगणना करणाऱ्या शिक्षकांचा हेवा वाटायचा, कारण त्यांची जाहिरात टीव्हीवर यायची. बँकेच्या माणसाचा वाटायचा, कारण गावात त्याला खुर्ची मिळायची आणि मला बाज. आणि सगळ्यात जास्त वाटायचा तो सुलभाचा.

सुलभा माझ्याबरोबरच भरती झाली. ट्रेनिंगला आम्ही एका खोलीत राहिलो, एका साबणाने कपडे धुतले. मग तिला पुणं मिळालं आणि मला जळगाव. वर्षातून एकदा राज्याची बैठक व्हायची, तिथे ती भेटली की तिच्या तक्रारी सुरू व्हायच्या. वॉचमन आत सोडत नाही. लोक दार पूर्ण उघडत नाहीत, साखळी तशीच ठेवून फटीतून बोलतात. मी तोंडाने म्हणायचे, अगबाई. मनात म्हणायचे, पण बोलतात ना! तिच्याकडचा माणूस फटीतून का होईना, सरळ सांगायचा: कंपनीने काढलं, दिवाळीपासून घरी आहे, शोधतोय. सुलभाने 'बेकार' लिहिलं, केव्हापासून ते लिहिलं, आणि लिफ्टने खाली. एका दिवसात तिची घरं उरकायची, शिवाय केसही विस्कटायचे नाहीत.

माझ्याकडे बेकार कोणी नसायचाच.

हे समजायला आमचा नियम माहीत हवा. सोप्या शब्दांत सांगते. मागच्या सात दिवसांत एखाद्याने एक तास जरी काम केलं असेल, तरी तो कामाला आहे. त्याचे पैसे मिळायला हवेत असंही नाही. घरच्या शेतात, घरच्या दुकानात फुकट हात लावला तरी ते काम. एक तासही केलं नाही, पण काम शोधतो आहे, किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो बेकार. आणि ज्याला काम नाही, जो शोधतही नाही आणि मिळालं तरी करायला तयार नाही, तो आमच्या लेखी कामवालाही नाही आणि बेकारही नाही. तो बाहेर. आता बघा, वर्षानुवर्षं बसलेला एखादा पोरगा थकला, मिळालं तरी नको म्हणण्याइतका हरला, की बेकारांच्या मोजणीतून एक माणूस आपोआप कमी होतो. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

नियम सगळ्या राज्याला एकच. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तो एक तास आणायचा कुठून? आमच्याकडे तो घराच्या मागेच असतो. बाप म्हणतो, पोरगं वावरात जातं. आणि जातंही. ठिबकचा कॉक फिरवतं, मोटर चालू करून येतं. झालं कामाला. म्हणून बैठकीत पडद्यावर जिल्हे दाखवायचे तेव्हा आमच्या खेड्यांतली बेकारी राज्यापेक्षा कमी दिसायची. एकदा साहेब म्हणाले, "ग्रामीण भागात चित्र चांगलं आहे." सुलभा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुमच्याकडे बरं आहे गं, शेती असते." मी हसले. दुपारी जेवणात पुरणपोळी होती, ती मला गेली नाही.

चित्र कसं रंगतं ते मला ठाऊक होतं ना. धुळ्याकडच्या एका गावात मी ओट्यावर बसून विचारतेय, घरधनी सांगतोय. दोन पोरं? कामाला. भाऊ? कामाला. बायको? तर म्हणाला, "ती काय करस? काही नई. घरमाच ऱ्हास." तो हे बोलत असताना त्याची बायको डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन समोरून येत होती. ते तिने ओसरीत टाकलं, म्हशीला पाणी दाखवलं आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी विचारलं, भाऊ, वेचणीला कोण गेलं होतं? तो म्हणाला, "तीच गयी व्हती." मग तीही कामाला. 'कामाला' सांगितलेल्या त्या दोन पोरांपैकी एक आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेला होता, त्याचे पाय मला दिसत होते.

सगळेच असे नव्हते हं. त्याच भागातल्या दुसऱ्या गावात एक अक्का भेटल्या. घरात मोठ्या त्याच, म्हणून उत्तरं त्यांनी दिली. आमच्यात तसं चालतं, घरातल्या एकाने सगळ्यांचं सांगितलं तरी धरतात. नातवाचं नाव आलं तशा अक्का म्हणाल्या, "तो बेकार शे. लिखी ल्या. चार वरीस व्हई ग्यात." त्यांचा मुलगा मध्येच बोलला, अक्का, असं काय सांगस? अक्का त्याच्यावरच उलटल्या. "मंग काय सांगू? बठ्ठा गाव दपाडस, मी काब्र दपाडू?" सगळं गाव लपवतं म्हणून मी का लपवू, असं त्यांचं म्हणणं. मी नातवाकडे पाहिलं. मला वाटलं चिडेल, उठून जाईल. तो हसत होता. आजीने भरल्या ओट्यावर त्याला बेकार म्हटलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मी त्या अक्कांचाही हेवा केला. माझ्या घरी मला असं तोंडावर बोलणं कधी जमलं नसतं.

आता घराचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं घर मेहरूणला, तलावापासून चालत जाण्याइतकं. हे लवकर गेले. घरात मी आणि माझा एकुलता एक मुलगा हर्षल. इंजिनीअर झाला. मग स्पर्धा परीक्षा देतो म्हणाला, दिल्या. एकदा मुलाखतीपर्यंत गेला. मग वयाची मर्यादा उलटली. त्या मधल्या वर्षांत त्याच्या वर्गातल्या मुलांची लग्नं झाली, मुलं झाली, त्यांच्या मुलांचे वाढदिवस झाले. सुरुवातीला मी विचारायचे, आज काय केलंस? एके दिवशी त्याने ताटावरून मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "आई, ऑफिसचं ऑफिसमध्ये विचारत जा." ताट संपवलं, धुऊन ठेवलं, खोलीत गेला. तो ओरडला असता तर मी पुन्हा विचारलं असतं. त्यानंतर मी विचारलं नाही. सकाळी उठून अनोळखी माणसांच्या पोरांना विचारायला जायचे आणि संध्याकाळी माझ्या पोराच्या बंद दारासमोरून पाय न वाजवता जायचे.

एकच गोष्ट मला हवी होती. तो अजून शोधतोय का? काम मिळालं तर करेल का? की आतून संपला? आमच्या भाषेत सांगायचं तर तो बेकार आहे की बाहेर गेलाय. तो बेकार असावा अशी माझी इच्छा होती. अशी इच्छा दुसऱ्या कुठल्या आईने केली असेल असं वाटत नाही.

याच काळात सुलभाचा एकदा फोन आला. तिच्या मुलीने नोकरी सोडली होती. मी पलंगावर सरसावून बसले, म्हटलं आता हिला कळेल. तर ती म्हणाली, कंटाळा आला म्हणून सोडली गं, महिनाभरात दुसरी लागली, आधीपेक्षा चांगली. मी तोंडभरून अभिनंदन केलं. नंतर बराच काळ तिचा फोन आला की मी 'गाडीत आहे' सांगायचे. आमच्याकडे गाडी नाही.

आणि मग रावेरचं ते घर आलं.

रावेर म्हणजे केळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, आणि मधून घड भरून चाललेले ट्रॅक्टर. एका गावात आमच्या चिठ्ठीत आबांचं घर निघालं. चिठ्ठी म्हणजे काय, कोणतं गाव आणि गावातलं कोणतं घर हे आम्ही ठरवत नाही, ते सोडतीने निघतं. आबा माणूस रुबाबदार, पांढरं धोतर, बोलणं गोड. तीन मुलगे. धाकटा प्रवीण एम.एस्सी. झालेला.

आबा म्हणाले, "लिहा ताई, शेती. तिघंही वावरात. आपल्याकडं बसेल कोणीच नाही."

"प्रवीण एम.एस्सी. आहे ना? तोही?"

"तो पण वावरातच जातो ना."

तोवर दारात गल्ली जमली होती. हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं. खेड्यात पाहणीवाली बाई आली की आजूबाजूची माणसं येऊन उभी राहतात. कुणी खांबाला टेकून, कुणी लेकरू कडेवर घेऊन. त्यांना हाकलता येत नाही, हाकललं तर पुढच्या घरी पाणी मिळत नाही. त्यामुळे मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर मला नसायचंच, ते गल्लीला असायचं. मी आबांना हळूच म्हटलं, तुमचं नाव कुठेही छापत नाहीत, कुणाला कळत नाही. आबा त्याहून हळू म्हणाले, "कागद गुप्त राहीन ताई. पण आता दिवाळीनंतर मुलगी पाहाले जायचं आहे. न् तुमी इथी बसेल आहे हे बठ्ठ्या गल्लीनं पाहेल आहे."

आमच्याकडे मुलीचा बाप आधी मुलाची नोकरी विचारतो, मग जमीन, मग मुलाचं नाव. मी 'शेती' लिहिलं, पोहे खाल्ले आणि स्टँडवर येऊन बसची वाट बघत उभी राहिले.

थोड्या वेळात मोटारसायकल आली. प्रवीण. गाडी स्टँडला लावली आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, माझं काय लिहिलं?"

"शेती."

"मले बेकार लिहा."

नोकरीत असं कुणी मागून घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्याला विचारलं, वावरात जातोस ना? तो म्हणाला, "जातो. पण कामाले नाही जात. बाप घरी असला का मी वावरात जातो, बाप वावरात आला का मी घरी येतो. केळीच्या बागेत मधी जाऊन बसलं का कोणालेच दिसत नाही."

"पण थोडं तरी काम करत असशील. पाणी बघतोस?"

"ते हो. तासभर."

मी त्याला नियम सांगितला. तासभर म्हणजे काम. तो ऐकत राहिला. "म्हणजे बाप खरं बोलला," असं म्हणाला.

"नियमाप्रमाणे, हो."

तो म्हणाला, "मग मी कुठीच नाही मोजला जात का?" मी म्हटलं, मोजला गेलास की, कामाला म्हणून. तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. बस आली, मी चढले, त्याने माझी पिशवी वर दिली. चांगल्या घरचा पोरगा होता.

आता इथे एखाद्या भल्या बाईचे डोळे भरून आले असते. मला भुसावळपर्यंत खिडकीत बसून फक्त एकच वाटत राहिलं, की याला बसायला केळीची बाग तरी आहे. माझ्या हर्षलला काय आहे? एक खोली, तिच्या दारावर टकटक करायलाही आई घाबरते, आणि तलावाचा काठ, तिथे अर्धं जळगाव फिरायला येतं. याचा बाप छाती पुढे काढून 'वावरात जातो' म्हणू शकतो. मी काय म्हणू? आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे गुंठाभर जमीन नव्हती. दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या कानांनी ऐकून त्याच्या बागेवर जळणारी बाई मी. आबांच्या बागेतली केळी मी पिशवीतून घरी नेली होती, ती हर्षलने खाल्ली. मी खाल्ली नाहीत.

पुढे मी निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेब म्हणाले, ताईंनी खान्देशातलं घर न् घर पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात आलं, एक सोडून.

आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या मेहरूणच्या गल्लीचीच चिठ्ठी निघाली. सोडत आहे, कुणाचीही निघते. एक मुलगी स्कूटीवरून आली. काजल नाव, नशिराबादची, कंत्राटावर घेतलेली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आमच्या वेळी कागदाचे गठ्ठे असायचे, पावसात ते पोटाशी धरून पळावं लागायचं. हिचा टॅब बघून मला पहिल्याच मिनिटाला हेवा वाटला, म्हणजे सगळं रीतसर सुरू झालं.

मी तिला सांगितलं नाही की मी कोण होते. मुद्दामच. मला बघायचं होतं कशी विचारते. बसली ती दाराकडे तोंड करून. चूक. दाराकडे पाठ करून बसायचं असतं, म्हणजे गल्लीची तोंडं दिसत नाहीत. दारात शेजारच्या वहिनी आल्याच होत्या, कोथिंबिरीची जुडी निवडत. कोथिंबीर निवडायला त्यांना आमचंच दार सापडलं होतं.

काजलने माझं विचारलं. पेन्शन. झालं. मग म्हणाली, "काकू, घरात आणखी कोण?"

"मुलगा."

"काय करतात?"

आणि मी, जिने हजार बापांना हा प्रश्न विचारला, म्हणाले, "तो क्लास घेतो."

"मागच्या सात दिवसांत घेतला का?"

मुलगी तयारीची होती. मी आठवायला लागले. वहिनींचा नातू रविवारी गणितं विचारायला आला होता. किती वेळ बसला असेल? पाऊण तास? एक तास धरायला काय हरकत आहे, मध्ये पाणी प्यायलाही उठला होता. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी त्या एका तासासाठी डोकं खाजवत होते, तिकडे आबांनी खाजवलं असेल तसंच. फरक एवढाच, की त्यांना बाग होती म्हणून त्यांचं उत्तर लवकर आलं.

काजलने टॅबवरून मान वर केली. "ते घरी आहेत का, काकू?"

"आहे. पण तो अभ्यास करतोय. मी सांगते ना, चालतं, घरातल्या एकाने सांगितलं तरी."

"चालतं," ती म्हणाली. "पण घरी असतील तर मी त्यांनाच विचारते. बरं पडतं." आणि माझ्या होकाराची वाट न बघता ती उठली, सहा पावलांचा तो बोळ ओलांडला आणि हर्षलच्या दारावर टकटक केली. मी नको म्हणेपर्यंत दार उघडलंसुद्धा.

मी स्वयंपाकघरात पळाले. चहा ठेवायचा बहाणा. खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर ऐकायचं होतं आणि ऐकायची भीतीही वाटत होती. तो 'ऑफिसचं ऑफिसमध्ये' म्हणाला तर ही मुलगी काय करेल? 'नाही, आता काही करायचं नाही' म्हणाला तर मी काय करेन?

तो बाहेर येऊन खुर्चीत बसला. मी गॅस बारीक केला, म्हणजे आवाज येईल.

"मागच्या सात दिवसांत काही काम?"

"नाही."

"थोडंसं? क्लास वगैरे?"

"नाही. शेजारचा मुलगा येतो, त्याला दोन गणितं सांगतो. ते काम नाही."

वहिनींची कोथिंबीर थांबली असावी.

"काम शोधताय का?"

"हो."

"शेवटचं कधी?"

"परवा. एमआयडीसीत पाइपचा कारखाना आहे, तिथे स्टोअरला माणूस हवा होता. त्याआधी डाळ मिल. त्याआधी रावेरला गेलो होतो, केळी पॅक करतात तिथे, हिशेबाला कुणीतरी हवं होतं."

रावेरला? हा कधी गेला रावेरला? मी समजत होते तलावावर फिरायला जातो.

काजल म्हणाली, "मग काय झालं?" हा प्रश्न पाहणीत नाही. मला पाठ आहे ना सगळं, तो कुठेच नाही. मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता, पुढचं घर असायचं.

"इंजिनीअर आहे म्हटलं की म्हणतात, हा टिकणार नाही. वय सांगितलं की म्हणतात, इतकी वर्षं काय करत होतात. रावेरला म्हणाले, तुम्हाला मोटारसायकल नाही, सकाळी ट्रक भरायच्या वेळेला कसे पोहोचणार? मी म्हटलं, इथेच मुक्कामाला राहतो. ते म्हणाले, कळवतो. कळवतील कदाचित."

"मिळालं तर कराल?"

"कुठलंही. लगेच."

"किती काळापासून शोधताय?"

त्याने तेही सांगितलं. तिच्या टॅबवर पर्याय असतात, अमुक महिने, अमुक वर्षं. तिने बोट खाली खाली नेलं असेल, शेवटच्या पर्यायापर्यंत. त्याच्या पुढे पर्याय नसतो.

मी कप घेऊन दारात आले तेव्हा ती टॅब पिशवीत घालत होती आणि तो तिला रस्ता सांगत होता, पुढच्या गल्लीत कुत्रं आहे, डावीकडून जा. किती सहज बोलत होता. इतकी वाक्यं त्याने माझ्याशी किती वर्षांत बोलली नव्हती. सुलभाचा, तिच्या लिफ्टचा, तिच्या पोरीच्या नोकरीचा, आबांच्या बागेचा, सगळा हेवा एकत्र केला तरी त्या वेळी काजलचा जो वाटला त्याच्यापुढे काहीच नाही. दोन मिनिटांत. दारावर नुसती टकटक करून.

ती चहा न घेताच गेली, तिला अजून घरं होती. वहिनी कोथिंबीर घेऊन गेल्या. हर्षलही उठत होता.

"बस," मी म्हटलं.

तो तसाच, अर्धा उठलेला. मी दोन्ही कप मध्ये ठेवले आणि काजल बसली होती त्या खुर्चीवर बसले. दाराकडे तोंड करूनच, दार उघडं होतं तरी.

"त्या डाळ मिलमध्ये," मी विचारलं, "तुला आधी कोण भेटलं? तिथून सांग."